शांताबाईंच्या पदरातला निळा पंप

मंगळवार, सायंकाळ. वाशीम.

आजचा संताप लिहून काढल्याशिवाय घास उतरणार नाही. दम्यासाठी अमिनो आम्ल वाफेतून देऊन पाहण्याच्या आमच्या चाचणीत एक नियम मी प्रत्येकाला स्वतः समजावला होता: तपासणीच्या सकाळी नेहमीचा पंप, म्हणजे इनहेलर, घ्यायचा नाही. घेतला, तर श्वास नेमका कशाने मोकळा झाला ते कळणार कसे?

रिठदच्या शांताबाई माझ्या सर्वोत्तम रुग्ण. आज त्यांनी श्वासाचा जोर मोजायच्या नळीत जोरात फुंकले, काटा सर्रकन वर गेला, मी "शाब्बास" म्हणाले, आणि पदराची गाठ सुटून त्यांचा निळा पंप माझ्या पायाशी पडला.

"हा कशाला आणलात?"

"दरखेपी आणतो न, बाई. फाटकापाशी दोनदा मारतो, मंग अंदर येतो."

"पण का?"

"तुमी एवढ्या जीव तोडून करून राह्यल्या. काटा खाली राह्यला त तुमचं तोंड उतरते. मले पाहवत नाही."

माझे तोंड उतरते? खरेच? त्यांच्या ज्या चढत्या आलेखाचा मला एवढा अभिमान, तो त्या निळ्या पंपाचा! म्हणजे आमचे औषध निरुपयोगी? तेही म्हणता येत नाही. काहीच म्हणता येत नाही, हे अधिक असह्य.

त्यांना चाचणीतून वगळते, असे सांगितले. पंप पुन्हा पदरात बांधत त्या कुरकुरल्या, "मले एकटीलेच काहून बोलता, बाई? फाटकापाशी आमी समदेच मारतो."