तू मला ‘फादरसाहेब’ म्हणालास

डाकार,
२ मार्च २०२६

प्रिय हामिदू,

हावरटा, तुला आणि तुझ्या घरच्या सगळ्यांना सलाम.

माझं बरं चाललंय. घशातली नळी तशीच आहे, त्यामुळे बोलणं बंद, म्हणून हा कागद. खोली स्वच्छ आहे, खिडकीतून समुद्राचा एवढासा तुकडा दिसतो. जेवण म्हणशील तर पेज, तीही नळीतून. यंदा तुमचा रमजान आणि आमचा उपवासकाळ एकदमच आला, आणि दोन्ही उपवास माझ्या एकट्याच्या वाट्याला आलेत. तू मात्र सूर्य बुडायच्या आधीच खजुरांच्या ताटलीसमोर जाऊन बसत असशील, मी ओळखतो तुला.

चर्चचे पत्रे बदलून झाले का? तुझ्या मशिदीतली पोरं मदतीला वर चढली होती, असं फादर ज्याँ-नोएलने कळवलं. आमचा हा नवा धाकटा फादर कामाला चांगला आहे, पण त्याला अजून हसता येत नाही. तू मला चारचौघांत गुलाम म्हणतोस, तो त्याला चर्चचा अपमान वाटतो. तुझ्या मदरशातला उस्ताज सुलेमानही त्याच मापाचा. इमामाने थट्टामस्करी करू नये आणि चर्चची पायरी तर चढूच नये, असं त्याने तुला सगळ्यांदेखत सुनावलं म्हणे. दोघांची जोडी छान जमेल.

इथल्या सिस्टर किआराला मात्र सगळं लिहून समजवावं लागलं. बिचारी इटलीहून नुकतीच आलीय. मागच्या महिन्यात तू दारातूनच “माझा गुलाम कुठल्या खाटेवर लोळतोय?” म्हणून ओरडलास, तेव्हा ती पहारेकऱ्याला बोलवायला धावली होती. मी पाटीवर लिहिलं: हा तुकुलोर, मी सेरेर. आमच्या दोन जमातींत पणज्या-खापरपणज्यांपासून थट्टेचं नातं आहे. तो मला गुलाम म्हणतो, मी त्याला. रागवायची मुभा कुणालाच नाही. ती म्हणाली, “पण तुम्ही फादर, ते इमाम!” मी लिहिलं, म्हणून तर.

तिला घंटेची गोष्टही सांगितली. आमची घंटा आणि तुमची अजान एकाच वेळी व्हायला लागली होती, दोन्हीकडची पोरं काठ्या घेऊन बाजारात उभी होती, बिशपचं पत्र येऊनही काही फरक पडला नव्हता. तू गर्दीतून वाट काढत आलास, माझा कान धरलास आणि ओरडलास, “मालकाला विचारल्याशिवाय घंटा वाजवतोस?” मी म्हणालो, “अरे भातखाऊ, तुला नमाजाला उठवायलाच वाजवतो, नाहीतर तू दुपारपर्यंत घोरशील!” आधी म्हातारे हसले, मग पोरं हसली. वेळा ठरवायला त्यानंतर अर्धा तास पुरला.

परिषदांत मला विचारतात, सलोखा कसा साधलात? मी टाइप केलेलं भाषण वाचून दाखवतो, लोक टाळ्या वाजवतात. खरं तर देवाबद्दल आपलं कधीच एकमत झालं नाही. तू म्हणतोस, देवाला मुलगा असूच शकत नाही. मी म्हणतो, त्या मुलाशिवाय मला देव सापडलाच नसता. इतक्या वर्षांत कुणी तसूभर हललं नाही. पण आधी गुलाम म्हणून घेतलं की पुढचं कितीही कठीण बोलणं मनाला लागत नाही. तुझ्याशी बोलताना मला माझा धर्म कधी लपवावा लागला नाही, हामिदू. अशी माणसं मला फार भेटली नाहीत.

आता परवाचं. ते लिहायचं टाळत इथवर आलोय.

परवा तू आलास ते दारातून ओरडला नाहीस. हळूच खुर्ची ओढलीस. माझी चादर नीट केलीस. आणि म्हणालास, “फादरसाहेब, आपली तब्येत कशी आहे? अल्लाह आपल्याला आराम देवो.”

फादरसाहेब! आपली! तू!

आधी वाटलं, सुलेमानने तुझं तोंड बंद केलं. मला रागही आला. मग तू माझ्याकडे न बघता खिडकीतून समुद्र बघत बसलास, तेव्हा कळलं. डॉक्टर मला रोज सांगतात, अजून एक तपासणी करू, मग बघू. तुला त्यांनी खरं सांगितलं. तुझा आदर ऐकून मला माझा निकाल समजला. सिस्टर रात्रीचं औषध द्यायला आली तेव्हा मी रडत होतो. मला मरायची भीती वाटते, हे इथे कुणालाही लिहून दाखवलेलं नाही. तुला लिहितोय.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. आमच्यात प्रेत निघालं की थट्टेच्या नात्यातला माणूस वाट अडवतो, मेलेल्याची नक्कल करतो, घरच्यांनी कोलाची फळं दिल्याशिवाय हटत नाही. माझ्या वेळी ते तू करायचंस, चर्चच्या दारात. फादर ज्याँ-नोएल तोंड वाकडं करेल, उस्ताज सुलेमान तुझ्यामागे नमाज पढायचं सोडेल, कदाचित आणखी काही जण सोडतील. तुझ्यावर काय बेतेल ते मला ठाऊक आहे, तरीही मागतोय. तू दूर उभा राहून अदबीने मान झुकवलीस, तर गावाला वाटेल की आपलं जे होतं ते माझ्याबरोबर संपलं.

नाही जमलं तर तसं सरळ लिही. पण ‘फादरसाहेब’ म्हणून लिहू नकोस.

तुझ्या उत्तरासाठी थांबलेला,
रेमी

—

न्गासीन,
७ मार्च

गुलामा,

सलाम. तुझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, वाचायला दोन दिवस लागले. खोटं बोलतोय. एकदाच वाचलं आणि दोन दिवस खिशात घेऊन फिरलो.

डॉक्टरांनी विचारलं होतं, तुम्ही यांचे कोण? मी म्हणालो, मालक. ते हसले, आपल्याकडचेच ना. मग त्यांनी मला बसायला सांगितलं. ते ऐकल्यावर तुझ्या खोलीत आलो तर जीभच वळेना. शिवी द्यायला बळ लागतं रे, ते त्या दिवशी माझ्यात नव्हतं. माफ कर.

काल जुम्म्याच्या नमाजानंतर सगळ्यांसमोर सांगितलं की मी फादर रेमीची वाट अडवायला चर्चच्या दारात जाणार आहे. सुलेमान म्हणाला, “इमामसाहेब, हे आपल्या धर्मात बसत नाही. तुमच्यामागे मी उभा राहणार नाही.” मी म्हणालो, “बेटा, कुराणातल्या तू म्हणशील त्या आयतीवर माझ्याशी वाद घाल, रात्रभर बसू. पण तो माणूस माझा आहे.” तो उठून गेला, त्याच्याबरोबर सहा-सात जण गेले. मला वाईट वाटलं. म्हातारे मात्र बसून राहिले.

रोजा सोडताना मागितलेली दुआ वाया जात नाही, असं आम्ही मानतो. रोज त्या वेळी तुझं नाव घेतोय. माझ्या पद्धतीने, माझ्या देवाकडे. तुझी परवानगी घेतलेली नाही.

सोमवारी पहिल्या गाडीने येतोय, दारातूनच ओरडणार आहे, त्या सिस्टरला आधी सांगून ठेव. आणि एक ऐक. घरच्यांनी कोलाची पोती आणून ओतली तरी मी त्या दारातून हटेन असं मला वाटत नाही. लोकांना मला उचलून बाजूला करावं लागेल.

तुला जाऊ न देणारा,
हामिदू