खडकावरचा बाण

बाबा,

तुमचा बाण अजून खडकावर आहे. दुसरबीडच्या आपल्या शेताच्या वरच्या अंगाला, जिथे माती संपते आणि काळा दगड उघडा पडतो, तिथे तो तुम्ही कोरलात तसाच आहे. टोकाशी शेवाळ वाळून पांढुरकं झालं आहे, एवढंच. जात्याला टाकी लावायला येणाऱ्या बाईकडून तुम्ही छिन्नी मागून घेतली होती आणि ती बांधावर बसून हसत होती. "गुर्जी, दगडाले दिशा शिकवून राह्यले का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दगडाले नाही वं, पोराईले." दर वर्षी तुम्ही वर्ग तिथे आणत होतात. बाणाच्या टोकाकडे तोंड करायचं, उजवा हात पूर्व, डावा पश्चिम, पाठीमागे दक्षिण. मीही त्या रांगेत उभी राहिले आहे. एकदा शाळेच्या पटांगणात तुम्ही मला एकटीला विचारलंत, उत्तर कुठे. मी एका कडुनिंबाकडे बोट केलं. दिशा बरोबर होती, तरी तुम्ही चिडलात. "कशावरून सांगितलं?" मी बोट खाली घेतलं. "अंदाजपंचे नाही सांगायचं. नाही माहीत तं नाही माहीत म्हणायचं. त्यात लाज नसते." त्या दिवाळीला तुम्ही तुमचं पितळी होकायंत्र मला दिलंत. पुढच्या दिवाळीला तुम्ही नव्हतात.

तो दिवस मी पुष्कळदा आठवून पाहिला आहे आणि दर वेळी तो थोडा वेगळा निघतो. परतीचा पाऊस आहे. दुपार असून घरात दिवा लावावा लागला आहे. आई तुम्हाला म्हणते, गाय झाडाखाली बांधलेली आहे, घेऊन या. तुम्ही डोक्यावर पोतं घेऊन निघता. मग पुष्कळ वेळ काहीच होत नाही. मग गाय एकटीच येते, दावं चिखलात ओढत, आणि गोठ्यात जाऊन आपल्या जागी उभी राहते. आई तिच्याकडे बघत राहते. त्यानंतर लोक येतात. आई धावत शेतात पोहोचली तेव्हा तुम्ही झाडाखाली होतात. पण उचलणाऱ्यांपैकी एकाने सांगितलं की गुरुजी वर खडकावर पडले होते, पाऊस लागू नये म्हणून आम्ही त्यांना झाडाखाली आणलं. दुसरा म्हणाला, नाही, झाडाखालीच होते. झाडाला कुठे विजेने जळल्याची खूण नव्हती. ते दोघेही आता नाहीत. स्मशानात काकांनी मडकं खांद्यावर घेतलं आणि ते चितेभोवती उलटे फिरले. देवाभोवती फिरतात त्याच्या उलट. मी ते लांबून पाहिलं.

आईने तेव्हापासून एकच गोष्ट धरून ठेवली. झाडाखाली असाल तर तिने पाठवलं म्हणून गेलात. खडकावर असाल तर गाय सोडून दिल्यावर तुम्ही आपल्या मनाने तिथे गेलात, कशासाठी ते तुमचं तुम्हाला माहीत. तिने हे कधी सविस्तर बोलून दाखवलं नाही. पावसाळी दुपारी ती कोणालाही घराबाहेर काही आणायला सांगत नाही. मीठ संपलं असलं तरी नाही.

मी काय काम करते हे तुम्हाला सांगायला हवं, कारण ते तुमच्याच कामासारखं आहे. मी दगडातली दिशा वाचते. आपला काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्यात लोहाचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होताना प्रत्येक कण इवल्याशा होकायंत्राच्या सुईसारखा त्या वेळच्या उत्तर-दक्षिणेशी जुळतो, आणि मग तसाच राहतो. जमीन पुढे कुठेही जावो. तो कोन मोजला की जमीन कुठून आली ते कळतं. आपल्या दगडाच्या आतला, या कणांचा बाण उत्तरेकडे नाही. तो दक्षिणेकडे आहे, कारण तेव्हा पृथ्वीचं चुंबकत्वच उलटं होतं आणि तुमची सुई दक्षिणेला वळली असती. तो आडवाही नाही, तिरपा खाली घुसलेला आहे. बाण जितका खडा तितकी जागा विषुववृत्तापासून लांब. आपलं शेत तेव्हा विषुववृत्ताच्या पलीकडे होतं, बरंच खाली, समुद्रांनी वेढलेल्या एका भूखंडावर. आणि तो बाण नीट दक्षिणेलाही नाही, पूर्वेकडे कललेला आहे. तो कलला नाही. सगळी जमीन फिरली, चिखली, देऊळगाव राजा, हैदराबाद, सगळं मिळून, इकडे येता येता, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला काकांचं फिरणं आठवलं. असं आठवायला नको होतं, पण आठवलं. ती जमीन अजून थांबलेली नाही.

या कामात टेकडीचा माथा टाळतात. उघड्या खडकावर वीज पडली की तिचा प्रवाह दगडातून जातो आणि जुन्या खुणेवर आपली खूण उमटवतो. असा दगड हातातल्या होकायंत्राची सुईसुद्धा फिरवतो. गेल्या हिवाळ्यात जिल्ह्यातल्या खाणींतून नमुने घेत होते, तेव्हा घरी मुक्कामाला होते. आई भाकरी थापत होती आणि मी बोलता बोलता हे बोलून गेले. तिच्या हाताखाली भाकरी परातीत हळूहळू फिरत होती. ती थांबली.

"म्हंजे कुठं ईज पडली व्हती ते दगड सांगते?"

"सांगतो."

"किती वर्सांनी बी?"

"हो."

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंग आपल्या दगडाले विचारून ये. ते झाडाखाली व्हते का वर व्हते."

मी तिला सांगायला हवं होतं की दगड जागा सांगतो, वेळ सांगत नाही. कोणती वीज, कधीची, हे त्याच्यात नसतं. मी सांगितलं नाही. मी म्हणाले, जाते.

शेत आता काकांचा मुलगा करतो. तो खांद्यावर पाण्याचा कॅन घेऊन माझ्याबरोबर वर आला, कारण दगडाला भोक पाडायच्या यंत्राच्या नळीला सतत पाणी लागतं. "ताई," तो म्हणाला, "पाण्यासाठी बोअर मारायले आली असती तं गावानं हार घातला असता. हे दोन बोटाचं भोक कायले? उंदीर पाळाचा हाय का?" मी हसले. मग तुमचं होकायंत्र काढून बाणावर ठेवलं. सुई बाणाबरोबर राहिली नाही. ती वळून पूर्वेला गेली. मी होकायंत्र उचलून एक पाऊल सरकले, सुई परत फिरली. आणखी एक पाऊल, ती पूर्ण उलटली. मी खडकाच्या कडेने चालत गेले आणि ती माझ्या हातात वळत राहिली, जसं कोणी मधोमध उभं आहे आणि ती त्याच्याकडून नजर काढत नाही. ऊन लख्ख होतं. खाली रस्त्यावरून ट्रक जात होते. "खाली ये," चुलतभाऊ म्हणाला. "ताई, खाली ये बे." तो मला कधी बे म्हणत नाही.

मी खाली आले नाही. आमच्या कामात अशा दगडावर दिशा सूर्यावरून घेतात, सळईची सावली आणि घड्याळ बघून. त्या रीतीने तुमचा बाण तपासला. तो अचूक आहे. मग बाणाभोवती भोकं पाडली. प्रत्येक तुकडा खडकापासून सुटण्याआधी त्याच्या अंगावर दिशेची रेघ मारून घ्यावी लागते. रेघ नसली की तो नुसता दगड. सगळ्यांवर मारली. बाणाच्या टोकाजवळचा तुकडा मात्र आतल्या आत तुटला आणि नळीत गरगर फिरला. तो हातात आला तेव्हा कुठून कुठे बघत होता ते कळायला काही मार्ग नव्हता. यंत्रातून निघालेलं करडं पाणी तुमच्या बाणाच्या खोबणीतून वाहत खाली गेलं.

आता ऐका. तुम्ही तो बाण होकायंत्र ठेवून कोरला असेल, तर त्या दिवशी सुई तिथे सरळ होती. म्हणजे वीज नंतर पडली. म्हणजे ती तुमची असू शकते. पण तुम्ही तो सावलीवरून कोरला असेल, तर काहीच सिद्ध होत नाही. तो खडक तुमच्या आधी शंभर वर्षं तसाच असेल, सुई तेव्हाही वळत असेल, आणि म्हणूनच तुम्ही ती वापरली नसेल. आपल्या भागात सुईची उत्तर आणि सूर्याची उत्तर यांत नावापुरता फरक आहे, त्यामुळे बाणाकडे बघून ते ठरत नाही. मी आठवायचा प्रयत्न करते. तुमचा तळहात आहे, त्यावर पितळी डबी आहे, झाकणाला ऊन लागलं आहे. हे मला स्वच्छ दिसतं. पण खडकाच्या चिरेत काठी उभी आहे आणि तुम्ही मला सांगता आहात, सावलीच्या टोकाशी खडा ठेव, हलवू नको. हेही दिसतं. खडा माझ्या बोटांना गरम लागतो. यातलं छिन्नीच्या दिवशीचं कोणतं, ते मला सांगता येत नाही. ती टाकीवाली बाई दोन्हींत आहे.

प्रयोगशाळेत तुकडे एका बंद कपाटात ठेवतात, जिथे बाहेरचं चुंबकत्व पोहोचत नाही. मग दगडातल्या चुंबकत्वाचा एक एक थर पुसत जातात. नवं आधी जातं, जुनं शेवटी उरतं. आपल्या खडकाचे तुकडे पहिल्या मोजणीत प्रत्येक वेगळ्याच दिशेला बघत होते. माझा सहकारी पडद्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, ही तर ग्रामसभा आहे." त्याला मी काही सांगितलेलं नव्हतं. आम्ही पुसायला सुरुवात केली. वीज पुसली गेली, सहज, बाकी काही जातं त्याहून सहज. एकेक तुकडा वळत गेला आणि शेवटी सगळे एकाच दिशेला आले, दक्षिणेला, पूर्वेकडे थोडे कललेले, तिरपे खाली. सगळ्या जिल्ह्यातले दगड बघतात तसे. तिथे कोणी पडलं होतं याचा त्यांच्यात काही अंश उरला नाही. माझा अभ्यास त्याने पुरा झाला. बाणाच्या टोकाजवळचा, रेघ नसलेला तुकडा मी यंत्रात घातला नाही. तो अभ्यासाच्या उपयोगाचा नाहीच. तो घरी माझ्या टेबलावर आहे. होकायंत्र जवळ नेलं की सुई त्याच्याकडे येते. मी ते दुसऱ्या खोलीत ठेवते.

एक हिशेब मात्र नकळत झाला. जमीन अजून सरकते आहे, ईशान्येकडे, वर्षाला काही बोटं. तुम्ही गेल्यापासून आपलं शेत, खडक, झाड, गोठा, सगळं मिळून साधारण माणसाच्या उंचीएवढं पुढे गेलं आहे. म्हणजे तुम्ही जिथे पडलात, ती जागा झाडाखालची असो की खडकावरची, तिच्यात आणि आताच्या जागेत एक माणूस आडवा मावेल एवढं अंतर आहे. आम्ही सगळे तेवढे पुढे आलो. मी खडकावर उभी होते तेव्हा हे मला माहीत होतं आणि मी पाठीमागे बघितलं नाही.

उन्हाळ्यात घरी गेले. आई चुलीपाशीच होती. तिने विचारलं नाही. पीठ मळलं, गोळा केला, थापायला घेतला. भाकरी तिच्या हाताखाली फिरायला लागली आणि मी तिच्याकडे बघत बसले. भाकरी उलटीच फिरते, बाबा, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. निदान तिची तरी. मग मीच म्हणाले, "खडकावर."

हात थांबला. "वर?"

"वर. बाणापाशी."

"झाडाखाली नाही?"

"नाही."

"नक्की? दगडानं सांगतलं?"

तुम्ही तिथे असता तर मला ठाऊक आहे तुम्ही काय विचारलं असतं. चुलीतलं लाकूड तडतडलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती, परातीवर दोन्ही हात ठेवून, पिठाने पांढरे झालेले, आणि तिचा चेहरा मी लहानपणी गोठ्याच्या दारात पाहिला होता तसा होता.

"दगडानं सांगितलं," मी म्हणाले.

मग भाकरी फिरायला लागली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाहेर वाळत घातलेल्या मिरच्या घेऊन ये बरं. आभाळ आलं." मी उठून बाहेर गेले. आभाळ खरंच आलं होतं.

हे लिहून झालं की कागद त्या तुकड्याखाली ठेवीन. दुसरीकडे पाठवायला जागा नाही, आणि तुमची जागा मागे राहिली आहे. तुम्ही विचाराल, कशावरून सांगितलं.

नाही माहीत, बाबा.