लाडवाचा डबा आणि अंगठा

पिंगळी,
१७ जानेवारी १९८७, शनिवार

चि. सौ. गीतास,

मनकर्णाचा लय लय आशीर्वाद. संक्रांत परवाच झाली, तवा आधी तीळगूळ घे आन् मग पुढचं वाच. पुढचं तेवढं गोड न्हाई.

आमी सगळे खुशाल हाव. आमचे धनी, तुजे मामा, बरे हायत, गुडघा तेवढा थंडीनं कुरकुर करायलाय. तूर झोडून झाली. ज्वारी हुरड्यावर आलीय, पण तुमी न्हाई तर हुरड्याला चव न्हाई. कस्तुराबाईच्या म्हशीला रेडी झाली, तिनं गावभर खर्वस वाटला आन् वर सगळ्यांना सांगत सुटली की दुबईला असलं दूध बघायलाबी मिळत न्हाई. जशी काय हीच जाऊन आलीय!

बाळाला बोरन्हाण घातलंस का? तिथं बोरं कुठली म्हणा. आपल्या गावचा बन्सीधर सोमवारी सुट्टीवरून परत दुबईला निघायलाय, त्याच्या संगं शेतातली बोरं देणार होते. पण आधी त्याला विचारलं. तो म्हणला, "काकू, ओलं फळ नको, झडतीत अडवतेत." ठेवून दिली. बघ, सासू सुधारली तुजी. उशिरानं का व्हईना.

हे पत्र मी माज्या हातानं लिहायले. मामा म्हणले, तू सांग, मी लिहितो. मी म्हणले, न्हाई, हे कागद मलाच काळे करायचेत. अक्षर वाकडंतिकडं हाय, हसू नको. मास्तरीण तूच व्हतीस. लगीन होऊन आलीस त्या वर्षी मारुतीच्या ओट्यावर दुपारचा बायांचा वर्ग काढलास, आन् सगळ्यांत आधी सासूलाच पाटी दिलीस. "आत्याबाई, तुमी आलात तर बाकीच्या येतील." मी चाळीशी ओलांडलेली बाई, लाजून मेले. पण चार महिन्यांत सही करायला लागले. सोसायटीत शेअरच्या कागदावर सही केली तवा तिथला बाबू शाईचा डबा पुढं करून बसला व्हता. म्हणले, उचल तुजा डबा. त्या दिवशी तू घरात शिरा केला व्हतास.

आता मुद्द्याचं. तुला सगळं मालूमच हाय, पण मी पहिल्यापासनं लिहिणार हाय. हे पत्र माज्या लेकानं, दत्तूनंबी वाचायचंय.

मी सप्टेंबरात तुज्या बाळंतपणाला येणार व्हते, तवा तुजं पत्र आलं. चार पानी. त्यात दुबईत सामान कसं आणायचं त्याचे नियम लिहिलेले. सोनं अंगावर असंल तेवढंच. औषध असंल तर डॉक्टरची चिठ्ठी संगं. विड्याची पानं नको. आन् चवथ्या ओळीत, खाली रेघ मारून: खसखस दाणाभरबी आणू नका, तिथं ती अफूच धरतेत, लाडवातसुद्धा घालू नका.

गीता, मी ती ओळ वाचली. दोन डाव वाचली.

वाचून माजं डोकं फिरलं. म्हणले, काल आलेली सून मला लाडू शिकवती का! पहिलटकरणीच्या डिंकाच्या लाडवात खसखस न्हाई म्हंजे काय? माज्या सासूनं मला घातली, तिच्या सासूनं तिला घातली, त्यानं कुणाला अफू चढली न्हाई. तिथल्या साहेबाला काय कळतंय आमचे लाडू! तुजी यादी कस्तुराबाई आन् बाकीच्या बायांसमोर मोठ्यानं वाचून दाखवली, जरा मिरवलेच. आन् चवथी ओळ गाळली. गाळून पाचवी वाचली. कुणाला कळलं न्हाई. मग खोबरं, खारीक, डिंक, आन् पावशेर खसखस भाजून घातली. एकशेएक लाडू बांधले.

बन्सीधरनं मुंबईत विचारलं, "काकू, डब्यात काय हाय?" म्हणले, लाडू. खोटं न्हाई बोलले, पण खरंबी न्हाई.

तिथं उतरल्यावर बन्सीधरची रांग पुढं सरकली, त्याला बाहेर काढलं, आन् मला झडतीच्या त्या लांबड्या टेबलापाशी थांबवलं. साहेबानं लाडू फोडला, तळहातावर चोळला, दाणे बघितले. दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्यानं तिसऱ्याला. मी निस्ती "गीता, गीता" म्हणत व्हते. दत्तू कामावर, म्हणून तू एकटीच आली व्हतीस. नववा महिना, पाय सुजून चपलीच्या बाहेर. तुला आत आणलं.

मला वाटलं तू आधी माज्याकडं बघशील. तसं बघशील, जसं मी बघितलं असतं.

तू बघितलंच न्हाई. एक हात कमरेवर, एक हात टेबलावर, आन् सरळ साहेबाशी बोलायला लागलीस. "साब, ये मेरी सास हैं. इनकू लिखना-पढना नहीं आता. लड्डू मैंच मंगाई थी. कसूर मेरा है." माज्या माहेरी गंगाखेडात निजामाच्या राज्यात अर्धी बोली हीच व्हती. मला एकेक शब्द कळला. तुला वाटलं असंल, म्हातारीला कळणार न्हाई.

साहेबानं मला विचारलं, "माँजी, सच है?" आन् मी मान हलवली.

मग त्यानं एक कागद काढला. काय आणलं ते लिहायचं आन् खाली सही. तू सगळं लिहिलंस, लाडवात काय काय हाय ते बी, डिंकापासून खसखशीपर्यंत. बाळंतिणीचं खाणं हाय, तेबी लिहिलंस. साहेब म्हणला, म्हातारीचा अंगठा घ्या. शाईचा डबा पुढं आला.

आन् मी अंगठा लावला, गीता. तू शिकवलेली सही बोटात असताना अंगठा लावला. तुज्याच समोर. तुज्या तोंडावर तवा काय आलं ते मी बघितलं न्हाई. मला धीर झाला न्हाई.

लाडू त्यांनी ठेवून घेतले, माजा पासपोर्ट धा दिवस ठेवला, दत्तूच्या कंपनीला चिठ्ठी धाडली. तो घरी आला तवा काय काय बोलला तुला! "शिकलेली बाई तू, तुला अक्कल न्हाई? माजी नोकरी खायला निघालीस?" मी आतल्या खोलीत चहा पीत बसले व्हते. भिंत कितीशी ती! एक पाऊल बाहेर टाकलं असतं तर संपलं असतं. न्हाई टाकलं. तू म्हणलीस, "चुकलं माजं," आन् माज्यासाठी दुसरा चहा ठेवलास.

बाळ झालं, मी अडीच महिने राहिले. न्हाऊ-माखू घातलं, तेवढंच पुण्य. तू एक डावसुद्धा त्या डब्याचं नाव काढलं न्हाईस. टोमणा न्हाई, उसासा न्हाई. मी तुज्या जागी असते तर रोज जेवताना काढलं असतं. खरं सांगते.

आता पुढचं लिहिते.

गेल्या महिन्यात दत्तूचं पत्र आलं. मायलेकराला चैत्रात गावाकडं पाठवतो म्हणला. कंपनीच्या साहेबानं शेवटची ताकीद दिलीय, गीतावर आता माजा भरवसा न्हाई, असं लिहिलं. वाचून घरात दिवाळी झाली. आन् सगळ्यांत जास्त कुणाला आनंद झाला? मला. नातू मांडीवर येणार! मी त्याच दिवशी माळ्यावरचा पाळणा काढून धुतला, दोऱ्या नव्या आणल्या. तुज्यावर आळ हाय आन् त्या आळापायी माजा नातू मला मिळायलाय, हे मला कळत व्हतं. कळत असून पाळणा धुतला. ह्याच्यापुढं खसखस काहीच न्हाई.

मग बन्सीधर सुट्टीवर आला. त्याला वाटलं मला सगळं ठाऊक हाय. म्हणला, "काकू, तुमी गावी आल्यापासनं तुमच्या सुनेच्या खोलीपुढं शुक्रवारी रांग लागती." तेलंगणाची पोरं, आपल्याकडची पोरं, कुणाला घरी पत्र लिहायचं असतं, कुणाचा फॉर्म भरायचा असतो. तू म्हणं दारावर नियमांचा कागद चिकटवलायस, मराठीत आन् हिंदीत, काय आणायचं काय न्हाई. तो वाचून येणारं एकबी माणूस आता टेबलापाशी अडकत न्हाई. आन् एप्रिलपासून तिथल्या शाळेनं तुला मास्तरीण म्हणून बोलावलंय. हे तू मला सांगितलं न्हाईस. एका पत्रातबी न्हाई! चैत्रात परत यायचंच म्हणल्यावर सांगून काय करायचं, असंच ना?

अगं बाई, कसली गं तू! आमच्या सात पिढ्यांत अशी बाई उंबऱ्याच्या आत आली न्हाई, आन् मी तिला पाळण्याच्या दोरीनं बांधून ठेवायला निघाले व्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना सगळं सांगितलं. ते खाटंवर बसून ऐकत राहिले. मला वाटलं वरडतील. पण एवढंच म्हणले, "सही येत असताना अंगठा लावलास?" आन् उठून शेतात गेले. गीता, त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं.

काल बायांना ओट्यावर बोलावलं आन् तुजी यादी परत वाचली. चवथ्या ओळीसकट. कस्तुराबाई म्हणली, "मागच्या डावाला ही व्हती का गं?" म्हणले, व्हती. मीच गिळली.

दत्तू, आता तू वाच. तुज्या बायकोनं लाडू मागवले न्हाईत. तिनं नको म्हणून लिहिलं, मी वाचलं, आन् मुद्दाम घातली. मला वाचता येत व्हतं. चूक माजी, खोटं बोलणं माजं. ती चैत्रात यायची न्हाई. ती शाळेत जाईल, आन् लेकरू सांभाळायला माणूस लागलं तर मी येईन. पाळणा परत माळ्यावर ठेवलाय. तुज्या कंपनीच्या साहेबालाबी हे सांग, लाजू नको. लाजायचं ते मी लाजते.

गीता, हे पत्र तू लपवून ठेवशील, मला तुजा स्वभाव मालूम हाय. म्हणून बन्सीधरला आधीच वाचून दाखवलंय, आन् दत्तूच्याच हातात द्यायला सांगितलंय.

संगं डिंकाचे लाडू धाडलेत, एकवीस. खसखस न्हाई. एक खाऊन बघितला, बिना खसखशीचे बी झ्याक लागतेत, माजं नाक कापलं गेलं. डब्यात काय काय हाय त्याचा कागद वरच ठेवलाय, साहेबानं उघडून बघितलं तरी फिकीर न्हाई. त्या कागदाखाली आन् ह्या कागदाखाली माजं नाव माज्या हातानं लिहिलंय. शाईचा डबा जवळ ठेवला न्हाई.

तुजी जुनी विद्यार्थीण,
मनकर्णा व्यंकटराव