वॉचमनच्या मुलाची गिटार

बाबा, मला त्या गिटारच्या क्लासला तू नेमकं कशासाठी घातलंस? हौस म्हणून, की भीती म्हणून? आईला विचारलं, स्वतःला विचारलं, आता तुला विचारते आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला लागले की मध्येच माझाच आवाज ऐकू येतो.

मुलुंडला चर्चच्या मागच्या गल्लीत सरांची एक खोली होती. मी आठवीत. तू कंपनीच्या गेटवरची ड्युटी संपवून तसाच खाकी शर्टात मला घेऊन गेलास. सर क्लासच्या वेळा सांगत होते आणि तुझा फोन वाजला, तेव्हा ज्याच्या त्याच्या फोनमध्ये असायची त्या धूनवर. सर हसले. "ही कोणाची आहे, माहितेय?" "फोनवाल्यांची," तू म्हणालास. मग सरांनी गिटार मांडीवर घेतली आणि त्या चिमूटभर सुरांच्या आधीचं आणि नंतरचं सगळं वाजवून दाखवलं. एका स्पॅनिश संगीतकाराची रचना होती ती, फोनमध्ये धून वाजण्याच्या कितीतरी आधीची. तू तोंड उघडं ठेवून ऐकत होतास. "म्हणजे दर फोनमागे त्याला काही तरी मिळत असेल ना, सर?" सर म्हणाले, "अहो, तो कधीच मेला. जिवंतपणीसुद्धा शिकवण्या करूनच जगला. बाप वॉचमन होता त्याचा." "काय सांगता! वॉचमन?" "वॉचमन. एका मठाचा."

त्या दिवशी सरांनी बाकीची गोष्ट सांगितली. तो संगीतकार लहान असताना शेताच्या पाटात पडला आणि त्याच्या डोळ्यांना इजा झाली. बापाने विचार केला, पोर आंधळं झालं तर खाईल काय? म्हणून त्याला संगीताला लावला. त्याचे पहिले दोन्ही शिक्षक आंधळे होते. हे ऐकल्यावर तू त्या गिटारकडे बघायला लागलास. मला वाटलं, फीचं गणित करतोयस. स्टेशनपर्यंत चालताना तू त्या वॉचमनच्या मुलाबद्दल आपल्या मालवणीत एवढंच म्हणालास, "वॉचमनचो झील. बघलंस मा?"

त्याच महिन्यात तू मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतंस. संध्याकाळी चाळीच्या जिन्यात माझा पाय चुकतो, अंधारात पुढे केलेली वस्तू मला दिसत नाही, हे आधी तुझ्याच लक्षात आलं. रात्रपाळीत कोण अंधारात कसं चालतं हे बघण्यातच तुझं आयुष्य गेलं होतं. डॉक्टरांनी मला बाहेर बसवलं. तू बाहेर आलास आणि म्हणालास, "काय नाय, गाजरं खा." आधी डॉक्टर की आधी क्लास, हे आता आईलाही आठवत नाही आणि मलाही. माझा सगळा प्रश्न तिथेच अडकला आहे.

अजून डोळ्यांसमोर येतं: कांजूरच्या आपल्या चाळीतल्या खोलीत दिवेलागणीला मी गिटार घेऊन बसते आहे. कचऱ्याच्या डम्पिंगचा वास येतो म्हणून आईने खिडकी लावून घेतली आहे. तू कामावर जायला निघतोस आणि जाता जाता लाईट बंद करतोस. "बाबा, नोट्स दिसत नाहीत!" "मगे पाठ कर. लाईट कित्याक व्हयी? बोटांका डोळे असतत काय?" आई स्वयंपाकाच्या ओट्याकडून ओरडते, "पोरीला अंधारात काय बसवतोस? डोकं फिरलं काय तुझं?" आणि तू हसत जिना उतरतोस. मला वाटायचं, विजेच्या बिलासाठी. चिडून मी मुद्दाम चुकीचं वाजवायचे. पण शिकले. त्या संगीतकाराची एक रचना आहे, तीन बोटं एकाच तारेवर पुन्हापुन्हा फिरतात आणि अंगठा खालून सावकाश चालत राहतो. ती मी अंधारात शिकले. उजेडात वाजवताना अजूनही चुकते.

गेल्या वर्षी मी एकटीच हॉस्पिटलात जाऊन आले. डोळ्यांचा पडदा कडेकडेने मरत चाललाय, मधलं थोडं उरलंय, तेही जाईल. घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होती. हॉस्पिटलातून आले हे सांगितलं, तरी तिने काय झालं ते विचारलंच नाही.

"आई, तुला माहीत होतं?"

"तुझ्या बाबाने शपथ घातलेली."

"मी आठवीत होते तेव्हापासून?"

"म्हणाला, सांगितलं तर घाबरून घरात बसेल. शिकायची नाही. आणि तू शिकलीस की नाही? आपल्या घरात कोण शिकलंय एवढं?"

"पण डोळे माझे होते ना गं!"

आईने मेथी बाजूला सारली. "मग जा, विचार त्याला," म्हणाली आणि रडायला लागली.

तर विचारते आहे. शिकले मी. पदवी घेतली, ती बघायला तू नव्हतास. पण मला माहीत असतं ना बाबा, तर मी वेगळं बघितलं असतं. मार्व्याहून होडीने आपण मनोरीला गेलो होतो तेव्हा परत येताना मी सगळा वेळ झोपले होते. मी झोपले नसते. तुझ्या तोंडाकडे जरा नीट बघून ठेवलं असतं. हॉस्पिटलातून आल्यावर मी त्या संगीतकाराबद्दल मिळेल ते वाचलं. सरांनी आपल्याला एक गोष्ट सांगितली नव्हती. त्याचे डोळे आयुष्यभर दुखरे राहिले, पण पुरते गेले नाहीत. त्याच्या बापाची भीती खरी ठरली नाही. उतारवयात त्याची उजवी बाजू लुळी पडली, तरी तो रोज गिटार घेऊन बसायचा, हात परत आणायला. हात थोडा आलाही, मग तो वारला. हे वाचून मला धीर यायला हवा होता. आला नाही. मला त्याचा हेवाच वाटला.

आता मी घाटकोपरच्या एका शाळेत इतिहास शिकवते. पहिली नोकरी. ही पोरं शिकून कुठे तरी पोचतील असं मला रोज वाटतं, तू हसशील इतकं वाटतं. शाळेत मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. फळा दिसतो, समोरचं पोर दिसतं, बाजूचं दिसत नाही. मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत जिना उतरताना माझा धक्का लागून पहिलीतली एक मुलगी पडली. हनुवटी फुटली. मी खाली बसले तर ती रक्त पुसत मलाच म्हणाली, "सॉरी बाई." तिच्या आईला शाळेने सांगितलं, पोरं धावतात, लागतं. मी तिथेच उभी होते.

घरी येऊन मी तुझ्यासारखाच विचार केला. सांगितलं तर नोकरी जाईल, न सांगितलं तर अजून दोन-तीन वर्षं निभेल. तू नेमका असाच हिशेब केला असशील, मायेनेच केला असशील, आणि त्या मायेखाली मी इतकी वर्षं चाचपडत चालले. फक्त आता माझ्या वाटेत दुसऱ्यांची पोरं आहेत.

काल मी मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. डोळे, जिना, ती मुलगी, सगळं. त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "आधी सांगायला हवं होतंत. जूनमध्ये काय करायचं ते बघू." तिथून मी त्या मुलीच्या घरी गेले. तिच्या आईने ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. हे मी कोणाला विचारून केलं नाही, बाबा, तुलाही नाही. आधी करून आले, मग लिहायला बसले.