लक्ष्मीची पावलं कुणीकडे

बर्दवान,
२६ सप्टेंबर १९८३

ती. पिशीस टुकूचा वाकून नमस्कार.

उशिराबद्दल कान पकडते. संग्रहालयाचं नवं दालन दुर्गापूजेआधी उघडायचंय आणि सगळी मांडामांड माझ्या गळ्यात. एका छताखाली काय काय नांदतंय! दगडी विष्णू, राजवाड्यातल्या जाड्या राण्यांची तैलचित्रं, पटुआ चित्रकारांचे लांबलचक पट, छऊ नाचाचे मुखवटे, जुन्या साड्यांवर भरलेली कांथा गोधडी. राण्यांसमोर बांकुड्याचा मातीचा घोडा ठेवला, तर आमचे साहेब, बडेबाबू म्हणाले, राण्या पळून जातील.

दारात मात्र आपली वाटल्या तांदळाची असते तशी आल्पना हवी, असा हट्ट मी धरला. आमच्या चित्रकारानं पांढऱ्या तैलरंगात लक्ष्मीची पावलं काढली. येणाऱ्याला बोटं समोर दिसतात, सुरेख! पिशेमशाय गेल्यापासून तू आल्पना काढली नाहीस, ते फार सलतं. बाबांच्या एकुलत्या बहिणीनं उद्घाटनाला यायलाच हवं.

तुझीच,
टुकू

काटोया,
१ ऑक्टोबर

चि. टुकूस आशीर्वाद आणि एक धपाटा.

अगं, येणाऱ्याकडे बोटं म्हणजे लक्ष्मी घराबाहेर निघाली! एवढी शिकलीस आणि तिलाच वाटेला लावलंस? पावलं आत येणारी हवीत. आधी ती पुसून टाक.

मी येऊन काढेन असं मनातही आणू नकोस. विधवेचा हात शुभकार्याला लागत नाही, हे तुझ्या आजीनं सांगितलं आणि मी पाळत आले. शेजारी घोषांकडे आल्पना काढतात, तेव्हा मी खिडकी लावून घेते. राग नाही गं, बोटं शिवशिवतात.

जेवणखाण वेळेवर करत जा.

पिशी

बर्दवान,
५ ऑक्टोबर

ती. पिशीस, धपाटा पोचला.

रंग घासूनही निघेना, सध्या वर चटई टाकलीय. तुझं बडेबाबूंना सांगितलं. ते म्हणाले, आपले पटुआ नमाज पढतात आणि नागांच्या मनसादेवीची गाणी गात पट दाखवतात, त्यांना कुणी अडवलं?

मागच्या पत्रात लिहिलेली ती कांथा आठवते? तिच्याखाली 'करणारीचं नाव माहीत नाही' असं लिहिलं आणि मला रडू आलं. कुणाची तरी पिशीच असेल ना ती. आल्पनेखाली मला तुझं नाव, 'ननीबाला', लिहायचंय. नाही म्हणू नकोस.

वाट पाहणारी,
टुकू

काटोया,
कोजागरी पौर्णिमा, २१ ऑक्टोबर

चि. टुकूस भरभरून आशीर्वाद.

तुमच्या संग्रहालयाच्या दारात आल्पना काढायला बसले तेव्हा पहिलं पाऊल वाकडंच आलं, कुणाला सांगू नकोस. बडेबाबू वर काच घालू म्हणाले, मी ऐकलं नाही ते बरं केलं. आल्पना पुसली जायचीच, पुढल्या वर्षी पुन्हा काढू.

आज सकाळी तांदूळ वाटले आणि स्वतःच्या दारात बसले. शेजारच्या घोषबाई बघत उभ्या होत्या. मी मान वर केली नाही. पावलं उंबरा ओलांडून आत नेली. उठले, तर त्या अजून तिथेच. आता ऐकावं लागणार, असं वाटलं. त्या म्हणाल्या, आमच्या सुनेची पावलं म्हणजे कावळ्याची, दीदी, आमच्याकडे काढता का?

वाटीतली पिठी वाळायच्या आत जायला हवं. इथेच थांबते.

तुझी पिशी,
ननीबाला