लेबलं छापताना विंडो पांढरी पडते

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.
आजपासून रोज लिहायचं. मोठे डेव्हलपर लिहितात म्हणे.
पहिलीच नोंद स्वच्छ असावी: कॉलेज मी सोडलं, कॉलेजने मला नाही. घरी कोणाला हे पटत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.
संकल्प: लेबलचा बग या आठवड्यात संपवायचा. डोकं शांत ठेवायचं. आणि व्हर्जन टू दिलं की त्याच दिवशी वल्लरीला सांगून टाकायचं. त्याआधी नाही. ज्याचं सॉफ्टवेअर अडकतं त्याने मुलीला विचारू नये.

तोच दिवस, संध्याकाळ.
दुपारी वल्लरीचा फोन. "अण्णा, मशीन परत पांढरं झालंय. या की स्वल्प." स्वल्प म्हणजे जरा; यांच्या मराठीत कन्नड मिसळलेलं.
चिकपेटमधल्या भीमसेनरावांच्या साडी-होलसेलचं बिलिंग सॉफ्टवेअर माझं आहे. मधुकरकाकांच्या ओळखीने काम मिळालं, टिकवलं मी. वल्लरी ही भीमसेनरावांची मुलगी, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुपारी बिलिंगला बसते. दुकानात एकच अडचण. साड्यांची लेबलं प्रिंटरला पाठवली की माझी विंडो पांढरी पडते, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं, आणि शेवटचं लेबल बाहेर पडेपर्यंत बिल करता येत नाही. गिऱ्हाईक उभं.
मी राहतो त्या के. आर. पुरमहून मेट्रो, मॅजेस्टिकला बदलून चिकपेट. बंद करून चालू केलं. चाललं. कारण व्होल्टेज. तसं सांगितलं. भीमसेनराव म्हणाले, सरी, म्हणजे बरं.
दुकानाच्या वरच घर. तिच्या आईने, कमलाअक्कांनी, वर बोलावून जेवायला वाढलं. पोळी, बीन्सचं पल्य म्हणजे सुकी भाजी, चित्रान्न. नको म्हणालो. दोनदा घेतलं.
अण्णा म्हणते त्याचं मनावर घ्यायचं नाही. इथे रिक्षावालाही अण्णा, कुरिअरवालाही अण्णा. तो शब्द नातं सांगत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
व्होल्टेज नाही. प्रिंटरच हलका आहे.
प्रोग्रामरांच्या मदत-फोरमवर प्रश्न टाकला. सगळी हकीकत लिहिली: दुकान, लेबल, व्होल्टेज, आणि मालकाचा माझ्यावर किती विश्वास आहे ते. खाली माझा सगळा कोड चिकटवला.
दहा मिनिटांत प्रश्न बंद. मॉडरेटर म्हणतो, एवढा कोड कोणी वाचणार नाही. अडचण दाखवण्यापुरत्या वीसेक ओळी द्या, आणि स्वतः काय करून बघितलं ते लिहा.
मी काय करून बघितलं? बंद करून चालू केलं. ते लिहिण्यासारखं नाही.
डोकं शांत ठेवलं.

७ नोव्हेंबर.
ठेवलं नाही. मॉडरेटरला कळवलं की वीस ओळींत त्याची अक्कल मावेल, माझं सॉफ्टवेअर नाही. आणखीही थोडं कळवलं.
निकाल: मला फोरमवर प्रश्न विचारायला बंदी. उत्तरं देता येतील. लोकांना उपयोगी पडून गुण मिळवले तर बंदी उठेल.
ठीक. विचारणारे पुष्कळ असतात. सांगणारे हवेत.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
फोन आला. गेलो. बंद, चालू. कारण अँटिव्हायरस.
आज कोसंबिरी होती. वल्लरीने विचारलं, एवढ्या लांबून येता, तुमच्या पीजीमध्ये बोलायला कोणी आहे की नाही. म्हटलं, वेळच कुठे असतो. रूममेटची नाइट शिफ्ट. मी उठतो तेव्हा तो झोपलेला आणि उलट. गेल्या आठवड्यात आमचं बोलणं झालं ते गीझरविषयी.
तिने हेही विचारलं की दुकानातल्या कॉम्प्युटरवर माझा कोड आहे तो उघडून बघितला तर चालेल का. अभ्यासाला. म्हटलं, अवश्य. अजून काय हवं! मुलगी माझा कोड वाचणार आहे. माणूस कोडमध्ये कळतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
फोरमवर तीन उत्तरं दिली. तिन्हींना उणे गुण. एकाने लिहिलं की उत्तर चुकीचं आहे आणि वर आवाज चढलेला आहे. लिहिलेल्याला आवाज कुठून आला?
आईचा फोन. कॉलेजचं विचारणार म्हणून उचलला नाही. नंतर करेन.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
एक प्रश्न बरा सापडला. कोणी तरी नवशिका, नावाच्या जागी नुसता आकडा. वीस ओळी, नेटक्या; मूळ कोड दुसऱ्याने लिहून दिलेला म्हणे. एक विंडो, एक बटण. बटण दाबलं की प्रोग्राम दहा सेकंद थांबतो, म्हणजे काही तरी वेळखाऊ काम चाललंय असं धरायचं. तेवढ्यात विंडो पांढरी पडते. का?
अडचण माझ्यासारखी वाटली. पण माझ्याकडे प्रिंटर आहे, याच्याकडे नाही. वेगळी केस.
दुसऱ्याचं काम म्हणून मायक्रोसॉफ्टचं डॉक्युमेंटेशन बसून वाचलं. पहिल्यांदाच. चांगलं लिहिलंय.

१९ नोव्हेंबर.
उत्तर टाकलं, 'हॉटफिक्स' या माझ्या नावाने. दुकानाचं उदाहरण दिलं: गल्ल्यावरच्या माणसालाच माल आणायला गोडाऊनला पाठवलं तर गिऱ्हाइकाशी बोलणार कोण? गोडाऊनला दुसरा माणूस पाठवा. म्हणजे वेळखाऊ काम वेगळ्या थ्रेडवर टाका, विंडोला मोकळं सोडा. खाली बदललेल्या ओळी दिल्या.
शेवटी एक वाक्य: ज्याने तुम्हाला मूळ कोड लिहून दिला त्याला हात जोडून निरोप द्या, त्याने दुसरा धंदा बघावा.
हे जरा जास्त झालं, पण खरं बोलणारं कोणी तरी हवं.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
हिरवी खूण! माझं पहिलं स्वीकारलेलं उत्तर. त्या नवशिक्याने लिहिलं, सर, चाललं, आभारी आहे.
सर.
कोणाला तरी सांगावंसं वाटलं. रूममेट झोपला होता. खाली जाऊन चहा घेतला. टपरीवाल्याला हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, अच्छा.

२६ नोव्हेंबर, बुधवार.
११ तारखेनंतर चिकपेटहून फोन नाही.
म्हणजे सॉफ्टवेअर आता स्थिरावलं. मी म्हणतच होतो, नवं सॉफ्टवेअर थोडं वापरावं लागतं.
फोन चार्ज आहे, रेंज आहे. रूममेटला मेसेज करून मला कॉल करायला लावला. वाजतो.

२९ नोव्हेंबर, शनिवार.
स्वतःहून गेलो. म्हटलं, रूटीन व्हिजिट.
प्रिंटरमधून लेबलांची पट्टी सरसर बाहेर पडत होती आणि वल्लरी त्याच वेळी एका गिऱ्हाइकाचं बिल करत होती. विंडो स्वच्छ. मी बघत राहिलो. माझ्या सॉफ्टवेअरला मी असं कधी बघितलं नव्हतं.
विचारलं, हे कसं काय. ती आधी लाजली. (मी ही चांगली खूण समजलो.) मग म्हणाली, तुम्हाला राग येईल म्हणून सांगितलं नाही. तुमचा कोड वाचला, कुठे अडकतो ते शोधलं, दुकानाचं सगळं काढून टाकून बारकं उदाहरण केलं आणि फोरमवर विचारलं. प्रिंटरच्या जागी नुसतं दहा सेकंद थांबवलं. म्हणाली, एका माणसाने इतकं छान समजावलं, गल्ला, गोडाऊन, वाटलं तोही दुकानदारच असेल.
आणि पान उघडून दाखवलं.
माझं उत्तर. शेवटच्या वाक्यासकट.
ते वाक्य तिने बोटाने झाकलं. "हे सोडा अण्णा. ज्ञान आहे, पण तोंड घाण आहे माणसाचं."
सांगता आलं असतं. तो मीच, हे म्हणायला किती वेळ लागतो? पण मी म्हणालो, असतात असे लोक. मग भीमसेनरावांनी तारीफ केली. माझी नाही, तिची. म्हणाले, पोरीने दुरुस्त केलं, आता तुला हेलपाटा नाही.
गिऱ्हाइकांची गर्दी होती. कमलाअक्का बहिणीकडे गेल्या होत्या. परत आलो. मॅजेस्टिकला इडली खाल्ली.

१ डिसेंबर, सोमवार.
नीट विचार केला. नुकसान काहीच नाही. उलट दोन माणसं मिळून मी एक चांगला माणूस होतो: फोरमवरचं ज्ञान आणि चिकपेटमधलं तोंड. दोन्ही एकाच ठिकाणी आहेत हे तिला कळायचंय, एवढंच.
आधी तिच्या मनात काय आहे ते काढून घ्यावं. हॉटफिक्स बनून त्या उत्तराखाली कॉमेंट टाकली: मग, त्या प्रोग्रामरला निरोप दिला की नाही?
आता ती माझी बाजू घेईल. परक्या माणसापुढे बाजू घेणं म्हणजे जवळजवळ कबुलीच.

३ डिसेंबर, बुधवार.
उत्तर आलं. लांब. इंग्रजीत. मथितार्थ लिहून ठेवतो.
निरोप कशाला देऊ सर, चांगला मुलगा आहे. चिडका आहे, पण त्याचं या गावात कोणी नाही. मशीन बंद करून चालू करायला आम्हाला पहिल्या दिवसापासून येतं. आई म्हणायची, बोलव त्याला, तेवढंच गरम जेवेल. आता तुमच्यामुळे मशीन बिघडत नाही, तर त्याला बोलवावं कशासाठी ते आम्हाला सुचत नाही.
'चांगला मुलगा' हे तिने आपणहून लिहिलं. कोणी विचारलं नव्हतं.
बाकीच्या भागाकडे सध्या बघत नाही.
थोडं बघितलं.
म्हणजे व्होल्टेज सांगितलं तेव्हाही त्यांना माहीत होतं. भीमसेनराव सरी म्हणाले होते ते कशाला, ते आत्ता कळलं.
निर्णय: उद्या तिथेच उत्तर लिहायचं. स्वतःच्या नावाने. निमित्त नको, नुसतं बोलावलंत तरी येईन, असं. मसुदा डोक्यात तयार आहे. सकाळी तिची कॉमेंट पुन्हा नीट वाचून मगच टाकतो.

४ डिसेंबर, गुरुवार.
कॉमेंट नाही. माझीही नाही. त्या जागी मॉडरेटरची ओळ: अवांतर गप्पा काढल्या आहेत, ही जागा प्रश्नोत्तरांसाठी आहे. उत्तर तसंच आहे, हिरव्या खुणेसकट. पुढच्या कॉमेंट बंद.
काल शब्दन् शब्द उतरवून घ्यायला हवा होता.
मॉडरेटरला लिहायला बसलो. चांगलं खरमरीत सुचत होतं. मग खोडलं.
नियमाने त्याचं बरोबर आहे. तिने लिहिलं त्यात सॉफ्टवेअरविषयी काही नव्हतंच.