जोडाखालची फूट

प्रिय धाकट्या,

हे पत्र जावयाच्या हातीच पाठवते आहे. फोन का केला नाही म्हणून चिडू नकोस. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तू "असू दे गं ताई" म्हणतोस आणि माझं पुढचं सगळं घशातच राहतं. कागदाला असं मध्ये अडवता येत नाही. जावई समोर बसला असेल, त्याला आधी काहीतरी खायला घाल, कालपासून त्याच्या पोटात धड काही गेलेलं नाही. आणि हो, लहानपणी गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायचास, तसं आज करू नकोस. ओळीने वाच.

तुझ्या भाचीला पाचवा महिना लागला हे तुला कळवलं होतं. कळवलं नाही ते हे, की गेले तीन महिने ती पाहुण्यांच्या प्रार्थनासभेला जाते. हो, आपल्या मंडळीत उपदेशाला आले आणि राहिले, तेच पाहुणे. आता त्यांचा स्वतःचा हॉल आहे, गाद्यांच्या खुर्च्या आहेत. अकरा दिवसांपूर्वी तिने फिटच्या गोळ्या बंद केल्या. बाराव्या वर्षापासून चालू असलेल्या गोळ्या! "आई, मी बरी झालेय. आता गोळी घेतली तर तो प्रभूवर अविश्वास होईल," असं मला अगदी शांतपणे म्हणाली. डॉक्टरीणबाईंकडे मी एकटीच जाऊन आले. त्या म्हणाल्या, अशात मोठी फिट आली तर आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका आहे. तेव्हापासून ती नुसती ताटली जरी टेबलावर आपटली तरी मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर येते.

काल तुला लिहायला बसले आणि काय गंमत बघ, लिहायचं होतं हे, पण डोळ्यांसमोर बाबांची रोपवाटिका उभी राहिली. तो पत्र्याचा मांडव, मातीने भरलेल्या काळ्या पिशव्यांच्या रांगा, गळकी रबरी नळी. संत्र्याचं पान चुरगाळल्यावर बोटांना येणारा तो वास मला आजही कुठेही आला तरी मी क्षणभर चौदा वर्षांची होते. बाबा कलमाचे डोळे भरायला बसले की आपल्याला बोलायची बंदी असायची. जंगली लिंबाच्या खुंटावर चाकूने बारीक चीर द्यायची, गोड संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा अलगद त्यात बसवायचा आणि मी पट्टी गुंडाळायची. तुझं काम पाणी घालण्याचं. ते सोडून तू बादली पालथी घालून तिच्यावर उभा राहायचास आणि रोपांना उपदेश करायचास. रोपं ढिम्म. पुढे तू खरोखर चर्चमध्ये पाळक झालास तेव्हा मी यांना म्हटलंसुद्धा होतं, की याच्या श्रोत्यांमध्ये काही फारसा फरक पडलेला नाही.

गिऱ्हाईक यायचं आणि पानं बघायचं. किती हिरवं, किती उंच. बाबा मात्र प्रत्येक रोपापुढे गुडघ्यांवर बसायचे, बुंध्याजवळची माती अंगठ्याने बाजूला करायचे आणि जोड दाखवायचे. फूट जोडाच्या वरून आली आहे की खालून, एवढंच बघा म्हणायचे. वरून आली तर ती संत्र्याची. खालून आली तर जंगली लिंबाची, कितीही देखणी असली तरी. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि सगळ्यांत उंच रोप उचलून चालू पडायचं. बाबा स्वतःशी हसायचे.

फाटकाजवळचं ते झाड तुला आठवतं ना? माझा पराक्रम! बाबांनी मला पहिल्यांदाच एक कलम सांभाळायला दिलं होतं. त्यावरचा गोड संत्र्याचा कोंब अगदी किरकोळ, आजारी मुलासारखा. आणि खालून एक फूट आली, सरळसोट, चकचकीत, बघता बघता माझ्या कमरेएवढी. मी हुरळून गेले. बाबांच्या तोंडून हजार वेळा ऐकलेलं असूनही मी वरचा कोंब कापला आणि खालची फूट ठेवली. तिला शाबासकी म्हणून खतही घातलं. बाबांनी पाहिलं. ते झाड त्यांनी फाटकाजवळ लावलं. पाचव्या वर्षी त्याला पिवळीधमक, मोठाली फळं लागली, तेव्हा त्यांनी एक कापून फोड माझ्या हातावर ठेवली. नुसती जाड साल आणि आत आंबट चोथा. तू पोट धरधरून हसलास. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही.

त्या दिवशी बाबा जे म्हणाले ते मात्र तू ऐकलं नाहीस, तू हसण्यात गुंग होतास. ते म्हणाले, "ती फूट काही परकी नव्हती, पोरी. त्याच मुळावर जगत होती, तेच पाणी पीत होती. म्हणूनच फसायला होतं." हे मला पाठ होतं. आणि तरीही सत्तेचाळिसाव्या वर्षी मी तीच चूक दुसऱ्यांदा केली. या वेळी माणसांच्या बाबतीत.

पाहुणे आपल्या मंडळीत एका रविवारच्या संदेशासाठी आले आणि राहिले. तू मला कानात विचारायचास, पाहुणे निघणार कधी? मी तुला डोळे वटारायची. हातात तेच पुस्तक, तीच स्तोत्रं, तोच प्रभू. पण काय आवाज! रडावंसं वाटलं की डोळ्यांत पाणी हजर. तुझे संदेश म्हणजे खोकला, चष्मा पुसणं आणि मध्येच हरवलेला कागद शोधणं. कोणाच्या तरी आजारपणाची चौकशी करत तू व्यासपीठावरून उतरायचास आणि सोमवारी त्या आजाऱ्याच्या खाटेशी जाऊन गप्प बसायचास. पाहुण्यांचं प्रत्येक वाक्य फिरून त्यांच्यावरच यायचं. माझ्या प्रार्थनेने, माझ्या हाताने, मला झालेल्या दर्शनाने. तेव्हा हे मला ऐकूच आलं नाही. बुंध्याशी वाकून बघायचं मला कोणी शिकवलंच नव्हतं जणू.

मग पाळक म्हणून तू राहावंस की पाहुणे, हे ठरवायला मंडळीचे पंच बसले. पाच पंचांमध्ये दोन तुझ्या बाजूचे, दोन विरुद्ध. पाचवी मी. मी हात तुझ्या विरोधात वर केला. तुझ्याकडे न बघता केला, पण तू बघत होतास हे मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी तू चर्चच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्यास आणि म्हणालास, "ताई, डावीकडची तिसरी खिडकी जरा आवळून लावावी लागते." बस, एवढंच. तू भांडला असतास तर मला किती सोपं गेलं असतं!

मग यांचं दुखणं. हृदयाच्या गोळ्या चालूच होत्या. पाहुण्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि बरे झालात म्हणून सांगितलं. ज्याला बरं केलंय त्याने गोळी घ्यायची म्हणजे देवाला खोटं पाडायचं, असंही. तीन आठवड्यांत हे गेले. पाहुणे घरी आले नाहीत. निरोप पाठवला, की या घरात कुठेतरी अविश्वास होता. आणि ज्याला मी घालवून दिलं तो तू, आठ तासांचा प्रवास करून आलास, शर्टाच्या बाह्या वर केल्यास आणि आलेल्या माणसांच्या चहाचे कप धूत बसलास. चमचे शोधताना तू ओट्याखालचा खण उघडलास. त्यात यांच्या गोळ्यांची न फोडलेली पाकिटं होती, एकावर एक रचलेली. तू पाहिलंस. तू पाहिलंस हे मी पाहिलं. तू खण लावलास आणि मला विचारलंस, साखर किती? या गोष्टीला सहा वर्षं झाली. तू आजवर एक शब्द काढला नाहीस आणि मीही नाही. तुझं ते गप्प राहणं माया होती, मला ठाऊक आहे. पण माझ्या छातीवर ते दगडासारखं बसून आहे.

आता खरं सांगते. भाची तेव्हा वसतिगृहात होती, तिला मी काय सांगितलं माहीत आहे? "तुझे बाबा प्रार्थना करता करता शांतपणे गेले, त्यांनी स्वतःच गोळ्या सोडल्या होत्या, असा विश्वास मी कुणात पाहिला नाही." मला जगायला काहीतरी हवं होतं म्हणून मी ते रचलं. कुणाकडून तरी ते पाहुण्यांच्या कानावर गेलं आणि ज्यांनी आमच्यावर अविश्वासाचा ठपका ठेवला तेच आता ही गोष्ट सभेत साक्ष म्हणून सांगतात. नाव न घेता. स्वतःच्या बाबांची गोष्ट ऐकूनच पोरगी तिथे ओढली गेली. गोळी सोडताना ती मला म्हणाली, "मी बाबांच्या पावलावर पाऊल टाकतेय." धाकट्या, हे तिच्या बाबांचं पाऊल नव्हतंच. त्या गुरुवारी दुपारी यांनी माझ्याकडे गोळी मागितली होती. दोनदा मागितली. दुसऱ्यांदा माझा पदर धरून. मी म्हटलं, आधी प्रार्थना करू या. आणि पाकीट ओट्याखाली लपवलं. हे मी आज रात्री, तुम्ही दोघं पोचलात की तिला सांगणार आहे. याशिवाय ती गोळी हातात घेणार नाही, माझी खात्री आहे. ती मला माफ करणार नाही कदाचित, न करो. चिडायला तरी ती जिवंत हवी. तू जावयाबरोबर लगेच निघ. मला सावरायला येऊ नकोस, माझ्या वतीने एक शब्दही बोलू नकोस. नुसता तिच्याजवळ बस. माझं सांगून झालं की तिला आई नकोशी होईल, आणि तेव्हा घरात मामा असायला हवा.

तुझ्याविरुद्ध हात वर केलेली, तरीही तुझीच,
ताई